‘क्रोटोअन’ : रोआनोक बेटावरून नाहीशी झालेली वसाहत

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यालगत वाळूच्या अरुंद बेटांची एक लांबच लांब रांग आहे. ‘आउटर बँक्स’ या नावाने ती ओळखली जाते. या रांगेच्या आडोशाला, उथळ पाण्यात, रोआनोक नावाचे एक लहानसे बेट आहे. लांबी सुमारे तेरा किलोमीटर, रुंदी तीनेक किलोमीटर. १८ ऑगस्ट १५९० रोजी पहाटे जॉन व्हाइट नावाचा एक इंग्रज या बेटावर उतरला. तीन वर्षांपूर्वी त्याने येथे शंभराहून अधिक माणसे मागे ठेवली होती. त्यांत त्याची मुलगी होती, जावई होता आणि नेमक्या त्याच दिवशी तीन वर्षांची होणारी नात होती. बेटावर कोणीही नव्हते. घरे काढून नेलेली होती आणि एका खांबावर साल सोलून एकच शब्द कोरलेला होता : ‘क्रोटोअन’.

अमेरिकी लोककथांत या शब्दाला पुढे जी भयकथेची झळाळी चढली ती आजतागायत उतरलेली नाही. भुताटकीच्या कादंबऱ्या, दूरचित्रवाणीच्या मालिका, सहलीतील शेकोटीभोवती सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी यांत तो शब्द एखाद्या शापासारखा उच्चारला जातो. स्टीफन किंग याच्या ‘स्टॉर्म ऑफ द सेंच्युरी’ (१९९९) या दूरचित्रवाणी मालिकेत तो आला, ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’चे २०१६ मधील संपूर्ण पर्वच रोआनोकवर बेतले गेले. प्रत्यक्ष घडले ते मात्र भुताटकीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि ज्याने तो शब्द प्रथम वाचला त्याला त्यात गूढ असे काहीच वाटले नव्हते.

रॅलेची सनद

इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिने मार्च १५८४ मध्ये वॉल्टर रॅले या आपल्या मर्जीतील सरदाराला उत्तर अमेरिकेत वसाहत स्थापण्याची सनद दिली. रॅले स्वतः उत्तर अमेरिकेच्या भूमीवर कधीच गेला नाही. त्याने धाडलेली पहिली दोन जहाजे त्याच वर्षीच्या जुलैमध्ये या किनाऱ्यावर पोहोचली आणि परतताना दोन स्थानिक तरुणांना इंग्लंडला घेऊन गेली. एकाचे नाव मँटिओ, दुसऱ्याचे वँचीस. लंडनमध्ये थॉमस हॅरियट या गणितज्ञाने त्यांच्याकडून अल्गाँक्वियन भाषा शिकून घेतली आणि ती लिहिण्यासाठी स्वतंत्र लिपीही तयार केली. मँटिओ पुढे इंग्रजांचा अखेरपर्यंतचा मित्र ठरला, वँचीस त्यांचा कट्टर शत्रू. एकाच जहाजातून गेलेल्या आणि लंडन सारखेच पाहिलेल्या या दोघांनी दोन निरनिराळे निष्कर्ष काढले, यातच पुढच्या इतिहासाचे बरेचसे बीज आहे.

१५८५ मध्ये रिचर्ड ग्रेनव्हिल याच्या नेतृत्वाखाली शंभरावर पुरुषांची तुकडी रोआनोकवर आली. त्यांचा प्रमुख राल्फ लेन हा पेशाने शिपाई होता. शेती करण्याची ना त्यांना इच्छा होती, ना सवय. अन्नासाठी ते सर्वस्वी स्थानिक सेकोटन लोकांवर अवलंबून राहिले. एक चांदीचा पेला चोरीस गेला म्हणून ग्रेनव्हिलच्या माणसांनी एक गाव आणि त्याभोवतीची मक्याची शेते जाळून टाकली. त्यातच रोगराई आली. इंग्रज ज्या ज्या गावात जाऊन येत, तेथे काही दिवसांतच माणसे मरू लागत. इंग्रजांना मात्र काही होत नसे. ते न दिसणाऱ्या गोळ्या झाडून दुरूनच माणसे मारतात, असा समज स्थानिकांत पसरल्याचे हॅरियटने नोंदवून ठेवले आहे. या किनाऱ्यावरची पहिली खरी भयकथा कोणती असेल तर ती हीच म्हटली पाहिजे. फक्त ती इंग्रजांची नव्हती. जून १५८६ मध्ये लेनने वाटाघाटींच्या निमित्ताने जाऊन सेकोटनांचा प्रमुख विंजिना याच्यावर अचानक हल्ला केला आणि त्याचा शिरच्छेद करविला. त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सिस ड्रेकचा तांडा तेथून जात असताना लेनची सारी तुकडी त्यात बसून मायदेशी निघून गेली. मागाहून रसद घेऊन आलेल्या ग्रेनव्हिलला बेट रिकामे सापडले. इंग्रजांचा हक्क शाबूत राहावा म्हणून त्याने पंधरा माणसे तेथे ठेवली.

इतके वैर पेरून झाल्यावर त्याच बेटावर स्त्रिया आणि मुले उतरवण्यात आली.

१५८७ चा उन्हाळा

जॉन व्हाइट हा मुळात चित्रकार. १५८५ च्या तुकडीबरोबर येऊन त्याने येथील माणसे, गावे, मासेमारी, झाडे, कासवे यांची जलरंगात जी चित्रे काढली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्या काळाच्या अभ्यासाचे अव्वल साधन मानली जातात. रॅलेने त्याला नव्या वसाहतीचा गव्हर्नर नेमले. या खेपेला शिपायांऐवजी कुटुंबे निवडली होती. व्हाइटच्या यादीत सतरा स्त्रिया आणि नऊ मुलगे आढळतात. एकूण संख्या ११५ ते ११७ अशी धरली जाते. ही मंडळी जाणार होती उत्तरेला, चेसापीक उपसागराकडे. रोआनोकला फक्त त्या पंधरा माणसांची विचारपूस करण्यापुरते थांबायचे होते. परंतु मुख्य नावाडी सायमन फर्नांडिस याने २२ जुलै १५८७ रोजी, उन्हाळा सरत आला असे सांगून, सर्वांना येथेच उतरण्यास भाग पाडले. त्याने असे का केले याबद्दल व्हाइटने त्याला मनसोक्त दोष दिला आहे. तथापि फर्नांडिसची बाजू कोठेही लिहिलेली नाही, हे लक्षात घ्यावयास हवे.

पंधरांपैकी एकाची हाडे तेवढी मिळाली. आठवड्याभरात जॉर्ज हाउ नावाचा वसाहतकरी उथळ पाण्यात खेकडे पकडत असताना मारला गेला. सूड म्हणून इंग्रजांनी मुख्य भूमीवरील एका वस्तीवर पहाटेच्या अंधारात छापा घातला. तेथे शत्रू नव्हते, त्यांनी सोडून दिलेल्या गावात धान्य गोळा करायला आलेले क्रोटोअन लोक होते. म्हणजे मँटिओचेच आप्त. मँटिओची आई त्या जमातीची प्रमुख होती. त्याने हा प्रसंग गिळला. १३ ऑगस्टला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि रॅलेच्या वतीने त्याला रोआनोकचा अधिपती म्हणून जाहीर करण्यात आले.

१८ ऑगस्टला व्हाइटची मुलगी एलिनॉर आणि जावई अनॅनिअस डेअर यांना मुलगी झाली. अमेरिकेत इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेले हे पहिले मूल. तिचे नाव व्हर्जिनिया ठेवले. काही दिवसांनी हार्व्ही नावाच्या दांपत्यालाही मूल झाले. त्याचे नाव, मुलगा की मुलगी, काहीच नोंदलेले नाही. लोककथेनेही त्याची दखल घेतलेली नाही.

रसद अपुरी होती. कोणीतरी इंग्लंडला जाऊन मदत आणावी, असे ठरले आणि वसाहतकऱ्यांनी खुद्द गव्हर्नरलाच गळ घातली. आपण कुटुंब सोडून पळालो असे लोक म्हणतील, या भीतीने व्हाइट तयार होईना. अखेर त्याच्याकरिता लेखी विनंतीपत्र करून देण्यात आले आणि २७ ऑगस्टला तो निघाला. नात तेव्हा नऊ दिवसांची होती. जाण्यापूर्वी एक खूण ठरली. वसाहत तेथून आत मुख्य भूमीवर पन्नास मैल हलवण्याचा बेत आधीच झाला होता. जेथे जाल त्या ठिकाणाचे नाव झाडावर किंवा दाराच्या खांबावर कोरून ठेवा, आणि संकटात सापडून जावे लागले तर नावाच्या वर क्रॉस कोरा.

तीन वर्षे

व्हाइट सहा-आठ महिन्यांत परतणार होता. परंतु स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून येत असल्याने प्रत्येक लढाऊ जहाज अडवून ठेवण्यात आले. एप्रिल १५८८ मध्ये ‘ब्रेव्ह’ आणि ‘रो’ ही दोन किरकोळ गलबते त्याला कशीबशी मिळाली. त्यांच्या कप्तानांना वसाहतीपेक्षा वाटेतील लुटीत रस होता. फ्रेंच चाच्यांशी गाठ पडली, व्हाइट स्वतः जखमी झाला आणि गलबते लुटली जाऊन परत आली. दरम्यान, इंग्रजांच्या या तळाचा शोध स्पॅनिशही घेत होते. १५८८ च्या उन्हाळ्यात व्हिसेंते गोन्झालेस हा कप्तान या किनाऱ्यावर आला. त्याला होड्या ओढून घेण्याची जागा आणि पिंपे पुरून केलेल्या विहिरी दिसल्या, माणसे नाहीत. वसाहत स्पॅनिशांनी कापून काढली, हा तर्क यामुळेच निकालात निघतो. त्यांनी ती बुडवली असती तर पुढे शोधत राहिले नसते.

अखेर १५९० मध्ये वेस्ट इंडिजकडे लुटीला निघालेल्या जहाजांवर व्हाइटला एकट्याला जागा मिळाली. ऑगस्टच्या मध्यास ‘होपवेल’ आणि ‘मूनलाइट’ ही जहाजे आउटर बँक्सजवळ पोहोचली. किनाऱ्यावर धूर दिसला. १७ तारखेला आत शिरताना एक होडी उलटून ‘मूनलाइट’च्या कप्तानासह सात जण बुडाले. खलाशांचा धीर सुटला; तरी रात्री उशिरा होड्या रोआनोकच्या उत्तर टोकाशी पोहोचल्या. झाडीत मोठी आग दिसत होती. त्यांनी नांगर टाकला, तुतारी वाजवली, ओळखीची इंग्रजी गाणी मोठ्याने गाइली. उत्तर आले नाही. सकाळी उतरून पाहिले तेव्हा वाळलेले गवत आणि कुजलेली झाडे जळत होती.

पुढचे वर्णन व्हाइटने स्वतः लिहिले आहे आणि रिचर्ड हॅक्लूटने ते १६०० मध्ये छापले. वाळूत रात्री उमटलेली स्थानिकांची पावले होती. चढणीवरच्या एका झाडावर ‘सी आर ओ’ ही तीनच अक्षरे. वस्तीच्या जागी घरे मोडून नेलेली, परंतु भोवती जाड ओंडक्यांचे भक्कम कुंपण उभारलेले. प्रवेशद्वाराच्या उजव्या खांबावर, जमिनीपासून पाच फुटांवर, सुबक अक्षरांत पूर्ण शब्द. क्रॉस कोठेही नव्हता. गवतात लोखंडाच्या कांबी, शिशाचे गट्टू, तोफगोळे अशा वाहून नेण्यास अवजड वस्तू पडून होत्या. खंदकात पुरलेले पाच पेटारे कोणीतरी उकरून फोडले होते. त्यांतले तीन व्हाइटचे. पुस्तकांची पाने फाटून बांधणीपासून सुटलेली, चित्रे आणि नकाशे पावसाने कुजलेले, चिलखत गंजून गेलेले.

ताटात अन्न तसेच, चुलीवर भांडे तसेच आणि माणसे मात्र हवेत विरलेली, असे जे चित्र रंगवले जाते त्याला या वर्णनात तिळमात्र आधार नाही. घरे मोडून नेली याचा अर्थ माणसे सावकाश, ठरवून गेली. खूण ठरल्याप्रमाणे होती. मँटिओच्या जन्मगावी, मित्रांच्या सोबतीत माणसे सुरक्षित आहेत, याचा आनंद झाल्याचे व्हाइटने स्पष्ट लिहिले आहे. क्रोटोअन म्हणजे आजचे हॅटरस बेट, दक्षिणेला सुमारे ऐंशी किलोमीटर. दुसऱ्या दिवशी जहाज तिकडे निघणार तोच वादळ झाले, नांगरांचे दोर तुटले, चारपैकी एकच नांगर उरला. अन्नपाणी संपत आले होते. वेस्ट इंडिजमध्ये हिवाळा काढून पुन्हा यायचे ठरले, पण वाऱ्याने जहाज अझोर्सकडे लोटले. २४ ऑक्टोबरला व्हाइट प्लिमथला उतरला. पुन्हा त्याला कोणी जहाज दिले नाही. १५९३ मध्ये आयर्लंडमधून हॅक्लूटला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या माणसांना देवाच्या हवाली केले आहे. पुढे त्याचे काय झाले ते ज्ञात नाही.

ऐकीव बातम्या

१६०७ मध्ये उत्तरेला जेम्सटाउन वसले आणि रोआनोकच्या माणसांविषयी बातम्या येऊ लागल्या. इंग्रजांसारखे कपडे घालणारी माणसे अमुक ठिकाणी आहेत. दगडी, दुमजली घरे बांधणारी एक वस्ती आहे. तांबे ठोकण्यासाठी एका सरदाराने चार पुरुष, दोन मुलगे आणि एक तरुणी अशा सात जणांना जिवंत ठेवले आहे. शोधावर गेलेल्या एका तुकडीला कोणी भेटले नाही, मात्र झाडांच्या सालींवर ताजे कोरलेले क्रॉस आणि अक्षरे दिसली. विल्यम स्ट्रेची या जेम्सटाउनच्या चिटणिसाने तर सारी वसाहत पॉवहाटन या बलाढ्य राजाच्या हुकमावरून मारली गेली, असे लिहिले. डेव्हिड बीअर्स क्विन यांच्यासारख्या जाणत्या इतिहासकाराने हा दाखला ग्राह्य धरून, बहुसंख्य मंडळी चेसापीककडे गेली आणि तेथे मारली गेली, असे मांडले होते. अलीकडे त्यावर शंका घेतली जाते. स्ट्रेचीचे लिखाण दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून आलेले आहे आणि पॉवहाटनशी युद्ध पेटलेले असताना असा आरोप इंग्रजांच्या सोयीचाही होता.

भौतिक पुरावा म्हणावा असा एक निष्कर्ष १९९८ मध्ये पुढे आला. व्हर्जिनियातील नद्यांकाठच्या शतकानुशतके जगलेल्या बाल्ड सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळे तपासून डेव्हिड स्टाहल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, १५८७ ते १५८९ हा काळ त्या भागातील ८०० वर्षांमधील सर्वांत तीव्र दुष्काळाचा होता. अशा वेळी शंभर परक्या तोंडांना कोणतेही एक गाव पोसू शकले नसते. वसाहत फुटून दोन-तीन ठिकाणी गेली असावी, या तर्काला त्यामुळे बळ मिळते.

जहाज आणि हरिणी

जॉन लॉसन हा प्रवासी अठराव्या शतकाच्या आरंभी या भागात हिंडला. १७०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हॅटरसच्या रहिवाशांविषयी एक उतारा आहे. आपले काही पूर्वज गोरे होते आणि ते पुस्तकातून बोलत असत, म्हणजे वाचत असत, असे ते सांगत. त्यांच्यापैकी अनेकांचे डोळे करडे होते. याच उताऱ्यात लॉसन आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या वसाहतकऱ्यांना घेऊन आलेले जहाज शिडे उभारून डौलात जाताना किनाऱ्यावर वारंवार दिसते आणि लोक त्याला ‘रॅलेचे जहाज’ म्हणतात. रोआनोकच्या लोककथांतील ही बहुधा सर्वांत जुनी, आणि तिच्यात भीतीपेक्षा वाट पाहणेच अधिक आहे.

पांढऱ्या हरिणीची कथा मात्र बरीच अलीकडची. व्हर्जिनिया डेअर क्रोटोअन लोकांत वाढली, रूपवती झाली; ओकिस्को नावाचा तरुण तिच्या प्रेमात पडला; चिको नावाच्या मांत्रिकाला ती मिळेना म्हणून त्याने तिचे पांढऱ्या हरिणीत रूपांतर केले. ओकिस्कोने तिला पुन्हा मानवी रूप देणारा मोत्याचा बाण मिळवला, तर वँचीसने एलिझाबेथ राणीकडून मिळालेल्या चांदीच्या बाणाने हरिणीच्या शिकारीचा विडा उचलला. दोन्ही बाण एकाच क्षणी लागले. हरिणीची तरुणी झाली आणि तिने प्राण सोडला. रोआनोकच्या जंगलात पांढरी हरिणी अजून दिसते, असे सांगतात. या कथेला आजचे रूप सॅली साउथऑल कॉटन यांच्या १९०१ मधील दीर्घकाव्याने दिले. तिच्यात स्थानिक परंपरेचा अंश किती आणि एकोणिसाव्या शतकातील स्वप्नाळू कल्पनाविलास किती, हे वेगळे काढणे अवघड. दुसरा भाग जड असावा. व्हर्जिनिया डेअरचे नाव मद्याच्या बाटल्यांवर झळकले, तसेच गोऱ्या वर्णाच्या श्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्यांनीही ते उचलले. जिच्या आयुष्यातले पहिले नऊच दिवस ठाऊक आहेत, तिच्यावर कोणालाही काहीही लादता येते. पॉल ग्रीन यांचे ‘द लॉस्ट कॉलनी’ हे खुल्या रंगमंचावरील नाटक १९३७ मध्ये रोआनोकवरच सुरू झाले आणि त्या वर्षी १८ ऑगस्टला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तेथे हजेरी लावली.

त्याच वर्षी एका प्रवाशाने एमरी विद्यापीठात एक कोरीव दगड आणून दिला. चोवान नदीजवळ तो सापडल्याचे त्याचे म्हणणे होते. अनॅनिअस आणि व्हर्जिनिया १५९१ मध्ये मरण पावले, दुःख, युद्ध आणि आजारात बहुतेक जण गेले, असा मजकूर एलिनॉर डेअरच्या आद्याक्षरांसह त्यावर होता. प्राध्यापक हेवूड पिअर्स यांनी आणखी दगडांसाठी इनाम जाहीर केले आणि दगडांचा पाऊस पडला. एकूण ४८. सॅम्युअल एलियट मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील विद्वानांच्या समितीने १९४० मध्ये अनुकूल मतही दिले. पुढच्याच वर्षी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ने चौकशी करून बनाव उघडकीस आणला. पहिला दगड बाकीच्यांहून निराळा आहे आणि त्याच्याविषयी वाद मिटलेला नाही. जॉर्जियातील ब्रेनो विद्यापीठात तो आजही जपलेला आहे.

नकाशावरील ठिगळ

व्हाइटच्या हातच्या नकाशावर दोन ठिकाणी कागदाची ठिगळे चिकटवलेली आहेत. ती शतकानुशतके सर्वांसमोर होती. २०१२ मध्ये फर्स्ट कॉलनी फाउंडेशनच्या विनंतीवरून ब्रिटिश म्युझियमने नकाशा खालून प्रकाश टाकून तपासला, तेव्हा एका ठिगळाखाली किल्ल्याची ताऱ्यासारखी खूण निघाली. जागा आल्बेमार्ल खाडीच्या पश्चिम टोकाला, रोआनोकपासून साधारण पन्नास मैल आत. वसाहतकऱ्यांनी ठरवलेले अंतरही तेवढेच होते. त्या परिसरात, बर्टी काउंटीत, उत्खनन करून संस्थेने सोळाव्या शतकातील इंग्रजी बनावटीच्या खापऱ्या शोधल्या आणि २०२० मध्ये जवळच आणखी एक जागा जाहीर केली. काही कुटुंबे तेथे राहिली असावीत, एवढाच त्यांचा दावा आहे.

दुसरा गट हॅटरसचा. तेथे १९९८ मध्ये सिंहाची आकृती असलेली अंगठी सापडली, ती सोन्याची आणि एका वसाहतकऱ्याच्या घराण्याची म्हणून गाजली. २०१७ मध्ये तपासणी झाली तेव्हा ती पितळेची निघाली. ब्रिस्टल विद्यापीठाचे मार्क हॉर्टन यांनी २००९ पासून तेथे खोदकाम केले. तलवारीची मूठ, लेखनाची पाटी यांसारख्या वस्तू स्थानिकांच्या केरकचऱ्यात मिसळलेल्या आढळल्या. २०२५ मध्ये त्यांच्या गटाने लोखंड ठोकताना उडणाऱ्या बारीक पापुद्र्यांचा थर जाहीर केला. वस्तू व्यापारात हस्तांतरित होऊ शकतात, लोहारकामाचा कचरा कोणी विकत घेत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. थराचा काळ आणि लोहार नेमका कोण, यावर इतर पुरातत्त्वज्ञांचे आक्षेप आहेत.

नॉर्थ कॅरोलिनातील लम्बी समाजाला राज्य सरकारने १८८५ मध्ये ‘क्रोटन इंडियन’ म्हणून मान्यता दिली, ती या वसाहतीशी असलेल्या नात्याच्या परंपरेवरूनच. त्यांच्यातील काही आडनावे व्हाइटच्या यादीतील नावांशी जुळतात, पण तशी आडनावे साऱ्या इंग्लंडभर होती. जनुकीय चाचण्यांचा उपक्रम २००७ मध्ये हाती घेतला गेला. परंतु तुलना करायची कशाशी, हा प्रश्न उरतो. त्यासाठी १५८७ च्या मंडळींपैकी कोणाचे तरी अवशेष हवेत, आणि रोआनोक, बर्टी काउंटी किंवा हॅटरस, तिन्हींपैकी कोठेही त्यांची एकही कबर सापडलेली नाही.